डुगडुगणारं झाकण

प्रिय चिऊ,

तुझा खोकला थांबला का? जावईबापूंची कंबर कशी आहे? त्यांना सांग, कपाटं एकट्याने सरकवायला ते आता काही विशीतले नाहीत. धाकटीचा दात उगवला, की अजून फटीतून शिट्टी वाजवते? माझे गुडघे कुरकुरतात, पण सांगितलेलं ऐकतात. आई जेवते, झोपते. परवा तिने मला तीनदा विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? म्हटलं, तुमच्याकडेच. म्हणाली, मग उभे का, बसा.

मागच्या महिन्यात तू आलीस आणि घरातली अॅल्युमिनियमची सगळी भांडी पोत्यात भरून नेलीस. फॉइलची गुंडाळी सोडली नाहीस, त्यातही अॅल्युमिनियम आहे का म्हणून माझ्या जळजळीच्या औषधाची बाटलीसुद्धा उलटीपालटी करून वाचलीस. तुझ्यावर राग नाही, पोरी. दारातून निघताना तू म्हणालीस, आईची आठवण या भांड्यांनीच खाल्ली. तू बोलून गेलीस, मी मात्र तिथेच उभा राहिलो. कारण ती भांडी माझ्या हातची. एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर पत्र्याच्या चकत्या फिरवून मी पातेली घडवली. आपल्याच हाताने आपल्या माणसाला अपाय केला की काय, हा विचार डोक्यातून जाईना.

माझी शाळा चौथीपर्यंतची, बाकी सगळं उसनवारीचं. तरी वाचनालयात गेलो, जाडजूड पुस्तकं काढली. अर्धी डोक्यावरून गेली. शेवटी आईच्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, पुष्कळांनी पुष्कळ वर्षं शोधलं, पण भांड्यांमुळे हा विसरण्याचा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. आंबट पदार्थ मात्र त्यात फार वेळ शिजवू नयेत, साठवून तर ठेवूच नयेत. थोडा धातू उतरतो. ज्यांची मूत्रपिंडं अधू, त्यांनी अधिक जपावं. म्हणजे तुझी काळजी अगदीच हवेतली नव्हती. पण माझ्या छातीवरचा दगड निम्मा तरी उतरला.

एका पुस्तकात मात्र असं काही सापडलं, की मी चष्मा पुसून तेच पान पुन्हा वाचलं. या धातूवर ओरखडा पडला, की हवा लागताच क्षणात त्यावर नवी साय धरते. डोळ्याला दिसणार नाही इतकी पातळ, पण आतलं राखते. चिऊ, जन्मभर हे माझ्या अंगठ्याखाली घडत होतं आणि मला पत्ता नाही. काखेत कळसा, दुसरं काय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. पोत्यात सगळं गेलं, एक झाकण राहिलं. पिठाच्या डब्यावर होतं. मंगळवारी सकाळी आईने ते उचललं, स्टीलच्या पातेल्यावर ठेवलं आणि कडेला बोट दाबलं. झाकण डुगडुगलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्त्री, झाकण नीट बसत नाही. बदलून द्या, नाहीतर मी रोज येईन." हातातली कपबशी मी खाली ठेवली. तुला आम्ही कधी सांगितलं नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या खिडकीशी पातेलं आपटून ती मला अगदी हेच बोलली होती, शब्दाला शब्द. चूक माझीच होती, पातेल्याची कड जास्त वळली होती. एका ठोक्यात सरळ झाली असती. मी ती मुद्दाम सरळ केली नाही. म्हटलं, उद्या या. ती रोज आली. मुलीचं नाव, घराचा पत्ता, माझा चेहरा, एवढं सगळं गेलं, आणि एक डुगडुग शाबूत राहिली. हे कोणत्या पुस्तकात शोधू?

पण लगेच तिने विचारलं, "माझं पातेलं कुठे ठेवलंत?" ते तुझ्या पोत्यात आहे. बुडाला पोचा, कडेला मी नंतर मारलेल्या हातोडीचे दोन ठिपके. भंगारात दिलं नसशील तर पाठवून दे. त्यात काही शिजवणार नाही, शब्द देतो. पातेलं आहे की गेलं, ते मात्र लगेच कळव. मंगळवारी मी तिला म्हटलं, उद्या या. बुधवारी ती आली. आजही आली होती.

तुझाच,
बाबा