लाल रेघेच्या विटा

५ जानेवारी

वीट म्हणजे वीटच, म्हणाले साहेब! यावर काय बोलायचं? शाळेची जागा ओलसर, थोडं खणलं की पाणी लागतं, आणि हे म्हणतात वीट म्हणजे वीट. मी सकाळभर बसून कागदावर मांडलं होतं – भट्टीची लाल वीट, राखेची वीट, सिमेंटचा ब्लॉक. कुठली किती पाणी पिते, कुठली किती भार घेते. तो कागद त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवला. शेवटी लाल ठरली. तीही चालेल – पक्की भाजलेली असेल तर. तेवढी अट मी घातली.

"घाला, घाला. नवीन आहात तोवर अटी घालून घ्या."

पहिली नोकरी, पहिली साइट.

६ जानेवारी

पिशवी आवरताना लाल खडू सापडला. घरून निघताना बाबांनी हातात ठेवला होता. त्यांच्या गोदामातला. बाबांनी जन्मभर पोती उचलली, पण खडू कधी त्यांच्या हातात आला नाही. तो माल तपासणाऱ्या साहेबाच्या हातात. "राहू दे, तुला लागेल. आता खूण तू करणार." आई म्हणाली होती, "अहो, पोरगी इंजिनिअर झाली, पेन द्यायचं सोडून खडू काय देता!" तेव्हा मी खूप हसले होते.

९ जानेवारी

विटा आल्या. दोन हातांत दोन घेऊन एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाज यायला हवा. आला तो ओल्या लाकडाचा! रंग पिवळट. नखानं ओरखडा उठतो. छातीइतक्या उंचीवरून एक सोडली, तिचा भुगा. कच्च्या – सरळ सरळ कच्च्या. दोन-चार बादलीत बुडवून ठेवल्यात.

वीटवाला खुर्चीत पाय पसरून बघत होता. "ताई, आम्ही विटा विकतो, घंटा नाही. वाजवून काय बघता?"

सगळे हसले. साहेबही.

१० जानेवारी

बादलीतली वीट उचलली तर कोपरे पाण्यातच राहिले. बादली तशीच उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"एकमजलीच तर आहे. वर नुसता पत्रा. प्लास्टर जरा जाड मारलं की सगळं झाकतं."

प्लास्टर जाड! आत ओल चढत राहणार आणि पोरं त्याच भिंतीला पाठ टेकून बसणार. तोंडातून निघूनच गेलं – "तुमची मुलं बसवाल का या भिंतीला टेकून?" त्यांनी बादली टेबलावरून खाली ठेवली. मग म्हणाले, "कॉलेजात तोंड चालवायला शिकवतात वाटतं. काम नाही."

डोकं फिरलं. बाबांचा खडू काढला आणि थप्पीतल्या दिसेल त्या विटेवर आडवी रेघ ओढली. ही नापास. हीही नापास. हात कोपरापर्यंत लाल! मागून गवंडी ओरडला, "ओ खडूबाई, आमच्यावर पण एक मारा की!"

आता हेच नाव पडणार.

१२ जानेवारी

बाबांचा फोन. "तुमच्या शाळेला विटा कुठल्या भट्टीच्या गं?" सांगितलं. का म्हणून विचारलं, तर – "सहज. पोरीचं काम माहीत नको?" भांडणाबद्दल मी बोलले नाही. त्यांनी गावभर सांगितलंय, मुलगी शाळा बांधते म्हणून. सगळं छान चाललंय, एवढंच मी म्हणाले. मागून आईचं चालूच – जेवतेस ना, जेवतेस ना.

जेवते.

१५ जानेवारी

जिंकले म्हणे मी!

काल बादली घेऊन थेट शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. बाईंनी साहेबांना फोन लावला. आज गाडी आली आणि सगळ्या विटा परत भरल्या. एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. वीटवाला तेवढा जाताना थांबला. "वाईट वाटून घेऊ नका हं ताई. वीट काही वाया जात नाही. गिऱ्हाईक मिळतंच. तुमच्याइतकं शिकलेलं नसतं, एवढंच."

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. उद्यापासून मी ऑफिसात. साइटवर पाय ठेवायचा नाही. "तिथं माणसं सांभाळावी लागतात. तुम्हाला विटाच सांभाळता येतात."

खोलीवर येऊन रडले. बरोबर ठरल्याची शिक्षा अशी असते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

२२ जानेवारी

गवंड्याचा फोन! "खडूबाई, नव्या विटा आल्यात. ऐका." आणि फोनशेजारी दोन विटा आपटल्या. खण्ण! ऑफिसात एकटीच हसत बसले.

मग मनात आलं, परत गेलेल्या त्या कुठं गेल्या असतील? कुणाच्या तरी घरात. वीटवाला म्हणालाच होता. पण सगळ्या जगाच्या भिंती मी कुठवर वाजवत फिरू? माझं काम शाळेपुरतं. ते केलं.

१ फेब्रुवारी

घरी आले. बाबा दारातच उभे. "आधी डोळे मीट." लहान मुलासारखे! आईनं हात धरून घराच्या मागं नेलं.

खोली. चार भिंती, वर पत्रा, एक खिडकी. माझी. चादरीचा पडदा लावून त्याच्यामागं अभ्यास केला मी इतकी वर्षं. बाबांच्या ते मनाला लागलं होतं, हे आज कळलं.

खिडकीखालच्या भिंतीवर लाल रेघा. पाण्यानं पुसट झालेल्या. ओळीनं.

बाबा थांबतच नव्हते. "तुमच्याच भट्टीवर गेलो. म्हटलं, माझ्या मुलीच्या साइटला जाते तीच वीट पाहिजे. भट्टीवाला हसला आणि म्हणाला, तुमच्या मुलीनं हात लावलेल्याच देतो. बघतो तर काय – रेघा! आपला खडू! आमच्याकडे साहेबाची रेघ म्हणजे माल पास. बिनरेघेचं पोतं आम्ही पाठीवर घेत नाही."

आई म्हणाली, "इथला गवंडी सांगून थकला, काका, रेघ आतल्या बाजूला जाऊ द्या. ऐकतील तर ना!"

"का जाऊ द्यायची? पोरीची सही आहे ती!"

पाणी पिण्याच्या निमित्तानं सगळे आत गेले तेव्हा एका विटेवर नख फिरवलं. नखात भुगा आला.

तेवढ्यात बाबा परत मागं आले – "कशी झालीय गं?"

मी वळले. डोळे भरलेले बघून ते खूश झाले.

२ फेब्रुवारी

उद्या प्लास्टर. बाबांनी मुद्दाम गवंड्यासमोर मला विचारलं, "बोला इंजिनिअर, काय काळजी घ्यायची?"

मी म्हणाले, "जरा जाड मारा."