सीटवर ठेवलेला पाना

३ ऑक्टोबर
पिस्टन हलला! आठवडाभर सिलिंडरमध्ये डिझेल ओतून वाट बघत होतो. आज भिंगरी दोन्ही पायांनी किकवर उभी राहिली आणि आतून कर्रकन आवाज आला. मायलेकी दोघी अंगणात नाचलो. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं — "नुसता हलला तर एवढा आनंद. चालू झाली तर गावजेवण घालाल!"

ही मोटरसायकल दादाच्या घरामागे कित्येक वर्षं गंजत पडली होती. मागितली तर म्हणाला, "ने बाई, माझी जागा तरी मोकळी होईल. पण चालू करायच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्याच्याने व्हायचं नाही ते." सख्खा भाऊ! त्या एका वाक्यासाठी तरी ही चालू व्हायलाच हवी.

९ ऑक्टोबर
आज मी नियम घालून दिला. जिने नट आवळला तिने त्यावर खूण करायची नाही. दुसरीने पाना लावून तपासायचं, घट्ट असेल तर नटावरून बाजूच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची. नट सैल व्हायला लागला की रेघ तुटलेली दिसते. चष्म्याच्या दुकानात मी बसवलेली काच दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या नाकावर चढत नाही, मग इथे तर चाकं आहेत.

नेलपॉलिश भिंगरीची. कॉलेजच्या निरोप समारंभाला घेतली आणि मग तशीच पडून होती. "आई, ह्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त नटवतेयस तू," म्हणाली.

१७ ऑक्टोबर
कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडला. पेट्रोल गळतंच आहे. हात रॉकेलने फाटलेत. दुकानात मालक म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकाच्या काचेवर काळा अंगठा उठलाय." चिडून घरी आले आणि पुन्हा कार्बोरेटरलाच भिडले.

२६ ऑक्टोबर
चालू!!
एवढा धूर झाला की शेजारणीने धडाधड खिडक्या लावल्या. हे खोकत खोकत टाळ्या वाजवत होते. दादाला फोन लावला आणि काही न बोलता फोन सायलेन्सरजवळ धरला.

संध्याकाळी भिंगरीची बातमी. नोकरीचं पत्र आलंय. घाटापलीकडच्या शहरात, पुढच्याच महिन्यात हजर व्हायचं. म्हणाली, "मी हीच घेऊन जाणार." मी हसण्यावारी नेलं.

२ नोव्हेंबर
ती चेष्टा करत नव्हती. सामानाची पिशवी मागे कशी बांधायची ते आज मोजत होती.

मी म्हटलं, बसने जा. म्हणाली, का? म्हटलं, नवी गाडी असती तर एक वेळ गोष्ट वेगळी, ही आपण दोघींनी जोडलीय आणि आपण काही मेकॅनिक नव्हे. घाटात ब्रेक गेला तर कुणाला धरू मी? ती लालेलाल झाली. "मग एवढे दिवस काय भातुकली खेळत होतीस माझ्याबरोबर?" नको ते बोललो दोघी. शेवटी माझ्या तोंडून गेलं — "ही गाडी घाट चढायची नाही. कशी चढते तेच बघते मी!"

हे मध्ये पडले तर दोघींनी मिळून त्यांनाच गप्प केलं.

५ नोव्हेंबर
अबोला. हे पोस्टमन झालेत. "तिला सांगा चहा झालाय." "आईला सांगा मला नको." शेवटी म्हणाले, "मला तिकीट लावा आता."

काम मात्र थांबलेलं नाही. कुणी ठरवलं नाही, पण एक रीत पडलीय. माझं आवळून झालं की मी पाना सीटवर ठेवून निघून जाते. म्हणजे माझं झालं, तू तपास. ती येते, तपासते, रेघ ओढते, पाना भिंतीवरच्या खिळ्याला लावते. तिचं झालं की तीही तसंच करते. बोलत होतो तेव्हापेक्षा भरभर उरकतंय सगळं. मला ते फार टोचतं.

८ नोव्हेंबर
तिने गल्लीत चालवून बघितली. मी खिडकीच्या आड. वळताना पाय टेकत नाही आता. छान चालवते. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. हे तिला सरळ सांगायला काय होतं मला? पण तोंड उघडलं की भांडणच बाहेर येतं.

११ नोव्हेंबर
उद्या निघणार. माझं कुणी ऐकत नाही, तर निदान गाडी तरी धड जाऊ दे म्हणून दुपारी शेवटचं एकदा चेन ताणायला बसले. मागच्या चाकाच्या मोठ्या नटातली पिन काढली, नट ढिला केला, चाक मागे ओढलं, चेन बरोबर बसवली. तेवढ्यात मालकांचा फोन. कुणाची तरी काच चुकली होती, अर्धा तास डोकं खाल्लं. परत आले तर नटावर नवी लाल रेघ, पाना खिळ्याला. भिंगरीनेच आवळून टाकलेला दिसतोय. बरं झालं, माझी कंबर धरलीच होती.

१२ नोव्हेंबर
सकाळी गेली. हेल्मेट घालून "येते" एवढंच. मीही "हं" एवढंच. ती वळणाआड गेली आणि मला रडू कोसळलं.

१२ नोव्हेंबर, दुपार
हे येईपर्यंत लिहिते. नाहीतर वेड लागेल.

अंगण आवरत होते. हत्यारांच्या डब्याच्या झाकणात पिन! मागच्या चाकाच्या नटात घालून टोकं वाकवायची ती पिन, कालच मी स्वतः काढून ठेवलेली. भिंगरीने नट आवळला असता तर पिन घातल्याशिवाय राहिली नसती ती.

आता सगळं लख्ख दिसतंय. फोन वाजला तेव्हा हातातला पाना मी सीटवर टाकून पळाले. सीटवर! तिने तो बघितला. तिला वाटलं, आईचं झालं. रागाच्या भरात हातही न लावता रेघ ओढली असणार. आणि ती रेघ बघून मला वाटलं, तिचं झालं. नट कुणीच आवळला नाही. नुसता बोटाने फिरवलेला आहे तो. लेकीचं चाक त्यावर.

फोन उचलत नाही. गाडीवर फोन उचलायचा नाही हे मीच तिच्या डोक्यात भरवलंय. हे शेजाऱ्यांची गाडी मागायला गेलेत. बोलले असते, एक शब्द बोलले असते तिच्याशी —

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
पोचली. सुखरूप.

घाटात प्रत्येक वळणावर मी खिडकीतून खाली दरीत बघत होते. हे एकदाही काही गमतीचं बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. वर चहाच्या टपरीवर विचारलं, कुणी मुलगी मोटरसायकलवरून गेली का? टपरीवाला म्हणाला, "दिवसभरात किती जातात, कुणाकुणाला बघू?" तिथेच तिचा मेसेज आला — "पोचले." मी रस्त्याच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडले. ह्यांनी पाणी दिलं आणि स्वतः तोंड फिरवून डोळे पुसले.

गाडी कशी टिकली, देव जाणे. लगेच फोन करून सांगणार होते, पण रडू आवरेना. "नट बघ, आवळल्याशिवाय गाडीला हात लावू नकोस" एवढा मेसेज टाकला. उत्तर आलं, "बघितलाय." उद्या सगळं सांगणार आहे. पाना, पिन, फोन, सगळं.

१३ नोव्हेंबर
फोनवर मी सांगायच्या आधी तीच बोलली. पहिल्याच चौकात थांबून, मीच लावलेल्या सवयीने, तिने सगळ्या रेघांवरून हात फिरवला होता. मागचा नट बोटाने फिरला. पंक्चरवाल्याकडून आवळून घेतला, नवी पिन घातली, मग घाट चढली. "पाना सीटवर ठेवला होतास, म्हणून मी न बघता रेघ ओढली. मी जाऊ नये म्हणून केलंस ना तू?"

नाही गं, म्हटलं. मालकांच्या फोनचं सांगितलं, पिनेचं सांगितलं, शपथ घेतली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाली, "असू दे आई. तू घाबरली होतीस. मी नाही रागावले." आणि मी जेवले का विचारलं.