मुद्दा आधी

सोनपेठ, फेब्रुवारी १९९३

प्रिय बन्सीधर,

अनेक उत्तम आशीर्वाद. पैकी निरुपयोगी ते परत पाठवावेत. कपिलेला कालवड झाली. पाल्हाळाची क्षमा असावी. आमच्या पिढीचे यंत्र जुने आहे.

दिवाळीत गोधडीत गुंडाळून तू एसटीने संगणक आणलास, तो सोहळा अविस्मरणीय. मनुष्य विचार कसा करतो याचे सूक्ष्म संशोधन करून तू लेखनाची आज्ञावली रचलीस. पडद्यावर प्रथम एकच चौकट: ‘सांगायचे काय?’ ती एका ओळीत भरल्याविना पुढील पान उघडत नाही. ठराव होऊनही विद्यापीठाचे नाव पंधरा वर्षे बदलत नाही अशा प्रांतात ही कल्पना क्रांतिकारकच.

परीक्षेस तू आईलाच बसवलेस. झरीच्या सरजामावशीला पत्र. ती सांगू लागली, तू टंकू लागलास: गाय गाभण, ज्वारीवर पाखरं, मावशीच्या सुनेचा रुसवा. ओळ संपली, यंत्र केकाटले. ‘आई, मुद्दा आधी,’ तू म्हणालास. ती हसली. ‘आरं बाबा, बोलल्याबिगर मला तरी कुठं कळायलंय, काय सांगायचंय ते?’ तुझ्या समग्र संशोधनाचे सार त्या वाक्यात होते. तू ते ‘वापरणाऱ्याचा दोष’ या सदरात टिपून घेतलेस.

पौषात ती तुझ्याशी बोलण्यास एसटीडी बूथवर आली. मी शेजारीच उभा होतो. तिने कालवडीपासून प्रारंभ केला. तू काय म्हणालास ते मला ऐकू आले नाही. तिचा चेहरा मात्र दिसला. ‘काई न्हाई रं. समदं ठीक हाय,’ म्हणून तिने फोन ठेवला. वाटेत म्हणाली, ‘त्याला मुद्दा पाहिजे. माजा अजून यायलाय.’

तो मुद्दा घरी पोचल्यावर आला. कालवड, हुरडा आणि सरजाबाईची सून ओलांडल्यावर छातीतली कळ आली. परभणीच्या डॉक्टरांनी मात्र मुद्दा आधीच सांगितला.

अशुभ वार्तेच्या पत्राचा कोपरा फाडण्याची आपली रीत तुला ठाऊक आहे. वाचणाऱ्यास उंबऱ्याबाहेरच मुद्दा कळावा, हा हेतू. तारेतही मुद्दाच असतो. म्हणून मी तार केली नाही, कोपराही फाडला नाही. तुझी आई गेली. गोदेकाठी अग्नी तुझा चुलतभाऊ सूर्यभान याने दिला. काल दहावा झाला. तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची ही एकच संधी तुला देणे मला शक्य होते.

कालवड चांगली आहे. तू विचारले नव्हतेस.

तुझाच पाल्हाळिक,
तात्या