तिसऱ्या पायरीवरचा कापूर

जांभळदऱ्याच्या तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांनो,

लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षे होत आली. कचेरी आली, पाट्या आल्या, टँकर मात्र आजही आठवड्यातून एकदाच येतो. म्हणून हे मृत्युपत्र तुमच्यासमोर मोठ्याने वाचावे. मी, मारोती केरबा सोनकांबळे, वय ६४, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार नांदेड, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो :

१. नांदेडचे घर मुलगी पंचशीला हिचे. पुस्तके गावच्या शाळेला. कपाटाला कुलूप लावणार असाल तर देऊ नका.

२. कापराचा डबा दुकानदार सिद्रामप्पांना परत. त्यांचे वडील माझ्या ओंजळीत गूळ वरून टाकत. सिद्रामप्पा हातात देतात, वर टोमणाही देतात : "मास्तर, बुद्धाचे झालात अन् कापूर नेऊन राहिलात?" मी म्हणे, "देवाला नाही, पाण्याला."

३. माझी वही. त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी तळ्यावर मेणासारखी पांढरी पूड पसरली. तिचा एका रेणूइतका पातळ थर पाणी झाकतो, वाफ कमी होते. पूड किती, कशी, सारे वहीत आहे. थराखाली लाटही उठत नाही. माझी बहीण भामाआक्का म्हणाली, "मारोत्या, पानी मेल्यावानी दिसून राहिलंय रे." मी हसलो. मग पाण्याकडे पाठ करून तुमच्यापुढे विज्ञानावर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. वळलो तेव्हा तिसऱ्या पायरीजवळ तिची घागर तरंगत होती. पाणी आरशासारखे सपाट होते. पंचनाम्यात 'पाय घसरून बुडाली' लिहिले. सही माझी आहे.

४. स्वच्छ पाण्यावर कापराचा कण गरगर फिरतो, वर परका थर असला की थांबतो. माझी पूड पंधरा दिवसांत विरते. त्या उन्हाळ्यात तळे तळापर्यंत आटले, भेगाळले, पुढे नव्या पाण्याने भरले. तेरा वर्षे मी दरसाल कण टाकतो. सगळीकडे फिरतो, तिसऱ्या पायरीवर थांबतो. गुरांचा तेलकटपणा, पानांची चरबी, सारे तपासून पाहिले. वीतभर अलीकडे फिरतो, वीतभर पलीकडे फिरतो. कारण मला ठाऊक नाही. वहीत तेवढेच लिहायचे मी टाळले.

५. नव्या कचेरीने तीच पूड पुन्हा पसरायला वही मागितली आहे. वही पंचशीलाकडे राहील. माझ्या शोकसभेत वक्त्याला पाण्याकडे तोंड करून उभे करा.

थर पसरला तर पाणी वाचेल, हे आजही खरे. पण लोकांनो, आधी तिसऱ्या पायरीपासून पार तळापर्यंत, बुडणाऱ्याला धरता येईल अशी लोखंडी साखळी ठोका. तुमच्या हातांनी. त्यानंतरच पंचशीलाने वही कचेरीला द्यावी.

मारोती केरबा सोनकांबळे (सही)
जांभळदरा, ११ मार्च १९८६

साक्षीदार :
१. केवळाबाई नरसिंग गायकवाड (अंगठा)
२. सिद्रामप्पा गुरुपादप्पा (सही). सही करण्याआधी मी स्वतः तळ्यावर जाऊन तिसऱ्या पायरीवर कण टाकला. थांबला.