सगळं नियमात आहे

परभणी,
१८ नोव्हेंबर

चि. भक्ती,
अनेक आशीर्वाद. घरी सगळे ठीक. आईच्या गुडघ्यांना नवं तेल सुरू केलंय. वासानं सृष्टी शाळेतून आली की नाक धरून फिरते. येलदरीला धरणाचा वारा झोंबत असेल. सकाळी केंद्रावर जाताना स्वेटर घाल.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "दादा, कधी सुरू होणार?" विचारतेस आणि माझ्या तोंडून "पुढच्या हप्त्यात" निघून जातं.

दवाखान्याच्या सर्व्हरचं तुला नीट कधी सांगितलंच नाही. तो घेतला तेव्हाच त्यात जास्तीचे प्रोसेसर होते, पण बंद ठेवलेले. गरज पडली की उघडायचे. तुझं डोळे तपासणीचं केंद्र जोडलं तेव्हा मी ते उघडले. तू पाठवलेले डोळ्यांचे फोटो त्यांच्याच जोरावर तपासले जायचे. पण आतल्या सॉफ्टवेअरचा परवाना आधीच्या प्रोसेसरपुरताच होता. सर्व्हर रोज त्याचा इशारा द्यायचा, मी तो आमच्या व्यवस्थापकांना, दत्तरावांना, दाखवायचो. "बघू," म्हणायचे.

मग सॉफ्टवेअर कंपनीची नोटीस आली. मी लय धडपड केली गं. जुन्या सर्व्हरचा परवाना इकडे आणू म्हटलं, तर तो त्याच सर्व्हरला बांधलेला निघाला. तात्पुरता मागितला, मिळाला आणि संपलाही. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी बोलावलं.

"वरद, वाढीव परवाना काही जमणार नाही. नियमात बसेल तेवढंच चालवा."

"मग येलदरी बंद पडेल, साहेब."

"तात्पुरतं."

हा शब्द मी उचलला आणि तुला दिला. तो उच्चारताना त्यांनी फाईल मिटून बाजूला सारली होती, ते सांगितलं नाही.

प्रोसेसर मीच बंद केले. आता एकही इशारा येत नाही. सगळं नियमात आहे असं कंपनीनं कळवलंय. दत्तरावांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

मंगळवारी महारुद्र चांगुणाबाईंना घेऊन दवाखान्यात आला होता. तुझ्या केंद्राशेजारी जाळी विणत बसायच्या, त्याच. माझ्या खांद्याकडे बघत म्हणाल्या, "ताईचे भाऊ ना तुमी?" मी त्यांच्या समोरच उभा होतो.

महारुद्र म्हणाला, "मायला समोर काळं काळं दिसायलं होतं. ताई म्हणल्या, जिंतूरला दाखवून या. माय म्हणली, पुढच्या हप्त्यात इथलंच मशीन सुरू व्हायलंय, मग तिकडं कशाला? म्हणून थांबलो."

साखरेमुळे डोळ्यात रक्त उतरलंय. उजवा गेला. "जरा आधी आणलं असतं," डॉक्टर एवढंच म्हणाले.

महारुद्र चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाहेर येऊन साधं विचारलं, "दादा, डावा तरी ताईच्या मशीनवर दाखवत राहू. कधी सुरू व्हायलंय?"

मी म्हणालो, "होणार नाही."

हे पहिल्यांदा बोललो, आणि ते तुझ्याआधी त्याला.

केंद्र सुरू होणार नाही, भक्ती. महिनाअखेर ट्रस्ट ती खोली सोडणार आहे. तुला इथल्या वॉर्डात कामाला घ्या म्हणून दोनदा सांगून पाहिलं. जागा नाही म्हणतात. तू रोज जाऊन खोली झाडतेस, मशीनवरचं कापड बदलतेस, आलेल्यांची नावं लिहून ठेवतेस. ते आता नको. त्यांना जिंतूरला जायला सांग, मशीनची वाट बघू नका म्हणावं.

तू बाईंना बरोबरच सांगितलं होतंस. त्या थांबल्या ते माझ्या बोलण्यावर. तुला कुणी बोललं तर माझं नाव सांग. चांगुणाबाईंसाठी काय निरोप द्यावा, मला सुचत नाही.

तुला खोटा धीर देत राहिलेला,
दादा