नर्सबाईंसाठी दोन मसुदे

सोमवार, ३ मार्च
समोरच्या खोलीतल्या नर्सबाई सकाळीच दारात. बिल्डिंगच्या कमिटीला त्यांचा भाडेकरार वाढवायचा नाही. कारण कुणी बोलत नाही, पण बाईंचा काळा रंग सगळ्यांना दिसतो. चार ठिकाणी खोली बघून आल्या, चारही ठिकाणी खोली 'आत्ताच गेली'. रविवारच्या बैठकीआधी मजल्यावरच्या दोन्ही शेजारी घरमालकांनी लेखी सही दिली तर कमिटीला करार वाढवावाच लागतो, असा नियम आहे. बाईंनी कागद आणला होता. एकच ओळ: 'यांच्याबद्दल आमची काही तक्रार नाही.' खाली पलीकडच्या शिंप्याची सही, शेजारी माझ्यासाठी जागा.

एक ओळ! वर्णभेदाविरुद्ध एका ओळीने लढतात होय? कॉलेजात निबंधलेखन मी शिकवतो. म्हटलं, कागद ठेवून जा, नीट लिहून देतो. त्या म्हणाल्या, सर, सहीच पुरे. बिचाऱ्या. सहा महिने माझ्या आईला रोज इन्शुलिन टोचतायत. आता माझी पाळी.

मंगळवार, ४ मार्च
लायब्ररीतून सहा जाडजूड पुस्तकं. मूळ प्रश्न: लोकांना तर्काने पटवायचं की भावनेने? वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे तर्क, उजवीकडे भावना. संध्याकाळपर्यंत रेघ उत्तम आली.

बुधवार, ५ मार्च
मसुदा 'अ', तर्क. अकरा मुद्दे, पोटमुद्दे वेगळे. बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, सगळं बरोबर आहे, पण यात नर्सबाई कुठे आहेत? शिवाय सही केली का, हेही विचारलं. तिला प्रोसेस कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च
मसुदा 'ब', भावना. लिहिताना मलाच रडू आलं. तिसऱ्या परिच्छेदात बाईंना अनाथ केलं. बायको म्हणाली, त्यांच्या आईशी काल मीच फोनवर बोलले. परिणामासाठी एवढं चालतं.

जिन्यात कमिटीचे सेक्रेटरी. म्हणाले, तुम्ही सही-बिही नाही ना करत? म्हटलं, सध्या अभ्यास चालू आहे. खोटं नव्हतं. मागोमाग बाई. कागद मागितला. दोन दिवस थांबा म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च
'अ' थंडगार, 'ब' खोटा. दोन्ही एकत्र केले तर मुद्दा क्रमांक चारमध्ये हुंदका फुटतो. दाढी नाही, आंघोळ नाही, वर्ग बुडवला. काय करू? देवा, काय करू?

शनिवार, ८ मार्च
सुचलं! दोन्ही मसुदे द्यायचे. कमिटीच ठरवेल. खाली चौकटी: 'अ' की 'ब'? बारा प्रती काढल्या. बाईंचा कागद सापडत नाही. आता त्याची गरजही नाही.

रविवार, ९ मार्च, दुपारी १
बैठक अभूतपूर्व! दोन्ही मसुदे मोठ्याने वाचले गेले. 'ब' ऐकून सेक्रेटरींच्या पत्नीने डोळे पुसले. निवृत्त इंजिनियर 'अ'साठी भांडले. दीड तास चर्चा, मग मतदान. 'ब' सात, 'अ' चार, एक तटस्थ. टाळ्या. पुढचा विषय पाण्याची टाकी.

मी विचारलं, नर्सबाईंचं काय? सेक्रेटरी म्हणाले, दुसऱ्या शेजाऱ्याची सही आलेली नाही, नियमाप्रमाणे खोली रिकामी. लिखाण मात्र काळजाला भिडलं हो. बाई शेवटच्या खुर्चीवर होत्या. उठून गेल्या.

सोमवार, १० मार्च
सेक्रेटरींकडे मसुदा 'क' घेऊन गेलो. हात जोडले. ते म्हणाले, 'ब'ची सर नाही याला.
शिंपी माझ्याशी बोलत नाही. बायकोही.

शनिवार, १५ मार्च
सकाळी टेंपो आला. जाण्याआधी बाईंनी बायकोला सुई कशी टोचायची ते दोनदा दाखवलं. आई त्यांचा हात सोडेना. मला 'येते सर' एवढंच.

दुपारी पुस्तकं परत करायला काढली. सगळ्यात जाड पुस्तकातून कागद पडला. मीच खुणेला घातला होता, हे आठवलं. आठवलं म्हणजे, विसरलो नव्हतोच. सही केली असती तर सेक्रेटरींशी वाकडं आलं असतं. लिहिलं, तर टाळ्या मिळाल्या.

पेन काढून सही केली. घड्याळ लावून बघितलं. चार सेकंद.