विजेच्या पट्ट्याची चौकशी

बाबा, काल बाजारात एक माणूस पेटीतून विजेचे झटके देऊन गुडघेदुखी घालवत होता. ही गर्दी! माझ्या तोंडून निघालंच, "याने बरा झालेला कोणी आहे का इथं?" लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लग्नघरात तेरवीचा विषय काढला. तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमची ही खोड काही माझ्यातून जात नाही. हा कागद कुठे पोचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या अमरावतीच्या कापसाला सोन्याचं मोल आलं, ते दिवस. तुम्ही शाळेत मास्तर, पण शेत होतंच; आपली ओसरी कापसाने भरली, माजघर भरलं, शेवटी चुलीपासून हातभर अंतरावर ढीग आला. आई तिथेच भाकरी थापते, आणि भाकरी झाली की सरकी काढायला लाकडी रेच्यावर बसते. तिच्या पदरावर, भुवयांवर कापसाचं तूस. त्याच हंगामात तिचा खोकला वाढला. दोन घास खाल्ले की ती भिंतीला टेकून श्वास गोळा करायची, आणि मला वाटायचं, ही आता जाते.

शेजारचे काका कापसाचे दलाल. मुंबईचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे यायचं, ते नाचवतच आले एक दिवस. विलायतेहून विजेचा पट्टा आलाय, छातीला बांधला की दमा जातो, अकोल्याच्या एका गृहस्थाचा गेलासुद्धा, असं त्यात छापलं होतं.

"मास्तर, तारेतून निरोप जाते, मंग पट्ट्यानं दमा काहून नाई जानार? अन् याच कागदानं लढाई सांगतली होती. खोटी निघाली का?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "लढाई त्यायले विकाची नव्हती. पट्टा विकाचा हाय."

काका खो खो हसले, पण मला संताप आला. आईचा जीव चाललाय आणि यांना शाळेतले प्रश्न सुचताहेत! साऱ्या गावाची तेव्हा एकच समजूत होती, ज्या कागदाने कापसाची बातमी खरी दिली त्यातलं औषधही खरंच असणार. मी काही गावावेगळी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अकोल्याला जायला बैलांची दमणी जुंपलीत. आईने शिदोरी हातात देत विचारलं, "इतल्या दूर काहून जाता? आनून टाका न तो पट्टा."

"तुह्या छातीले बांधाचा हाय, म्हनून जातो," तुम्ही म्हणालात आणि बैल हाकलेत.

परत आलात ते धुळीने माखून. अकोल्याचा तो गृहस्थ खरोखर होता, त्याचा दमाही खरोखर कमी झाला होता. माझा चेहरा फुलला. मग तुम्ही पाय धुता धुता सांगितलंत की पट्टा बांधला त्याच सुमारास त्याने कापसाच्या वखारीतलं काम सोडलं होतं. "आता गुन पट्ट्याचा का वखार सुटल्याचा? त्याले बी नाई मालूम, मले बी नाई."

अंगावरची धूळही न झटकता तुम्ही चुलीजवळचा कापूस पाठीवर घेऊन गोठ्यात नेऊ लागलात. मास्तर गठ्ठे वाहतोय म्हणून आळी गोळा झाली. कापूस पिवळा पडेल म्हणून आई ओरडते आहे, तुम्ही रेचासुद्धा उचलून बाहेर ठेवता आहात. पावसाळा येईतो तिची धाप पुष्कळ कमी झाली. काका म्हणाले, "जितले मास्तर!" तुम्ही मान हलवलीत. हंगाम संपला होता, हवा पालटली होती, अडुळशाचा काढाही चालू होता. कशाने उतार पडला ते छातीठोक कसं सांगू, म्हणालात. साधी शाबासकीसुद्धा तुम्हाला सुखाने घेता येत नसे.

काही वर्षांनी एका थंडीत तिचा दमा पुन्हा उसळला. घरात कापसाचं बोंडही नव्हतं. काढे झाले, शेक झाले, वैद्यांनी हात टेकले. तुम्ही तिचे तळवे चोळत बसला होतात. मी दारात उभी आहे हे विसरून तुम्ही हळूच विचारलंत, "तो पट्टा आनू का वं?"

आई खोकत खोकत हसली. "तुमीच त पाहून आले होते न."

"पाहून आलो होतो," तुम्ही म्हणालात, आणि तळवे चोळत राहिलात.

ती त्याच थंडीत गेली. तिने नुसतं हो म्हटलं असतं, तर तुम्ही तसेच उठून बैल जुंपले असते, असं मी आजवर धरून चालले आहे. बाबा, याला माझ्याजवळ कसलाही पुरावा नाही. तो कोणी मागू नये, तुम्हीसुद्धा.